उघाडी वगळून

बुधाजीला कुणी फुकटचा चहा पाजला, तरी तो आधी बशी उलटी करून बघेल, असं गावात म्हणायचे. बशीचं माहीत नाही, पण चहा पाजणाऱ्याचं तोंड तो नक्की निरखून बघायचा. हा हसतोय का? याला माझ्याकडून काय हवंय? आणि काहीच नको असेल, तर मग हा नक्कीच मोठा बदमाश आहे, अशी त्याची खात्री.

माणूस जन्मापासून असा नव्हता. दोन पोकलेन आणि तीन डंपर घेऊन तो मातीकामाचे ठेके घ्यायचा आणि पंधरा वर्षं नुसत्या बोलाबोलीवर घ्यायचा. मग पनवेलला एका बिल्डरने त्याची कागदावर सही घेतली. काम होतं प्लॉट सपाट करण्याचं. पण कागदाच्या शेवटी एक शेपूट होतं, 'व इतर आनुषंगिक कामे'. त्या शेपटाला धरून बिल्डरने बुधाजीकडून गटारं खणून घेतली, वाळकी झाडं उपटून घेतली, कुंपणाचे खांब रोवून घेतले आणि भूमिपूजनाच्या मांडवाचे खड्डेसुद्धा त्यालाच मारायला लावले. पूजेला बोलावलं मात्र नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो म्हणतात. बुधाजी तेव्हापासून पाणीही फुंकून प्यायला लागला.

अशा माणसाकडे माघात एका कंपनीची बाई आली, बांधाचं काम घेऊन.

हा बांध म्हणजे गावाचा जीव. गाव धरमतरच्या खाडीला लागून. बांधाच्या एका अंगाला खारं पाणी, दुसऱ्या अंगाला भाताची शेतं. मधे एक उघाडी, म्हणजे बांधातलं दार. ओहोटीला तिच्या लाकडी झडपा उघडतात आणि शेतातलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती आली की पाण्याच्या रेट्याने त्याच झडपा आपोआप मिटतात. पूर्वी हा सगळा बांध गावच सांभाळायचं. त्या रिवाजाला जोळ म्हणत. ज्याचं शेत, त्याच्या घरचा एक माणूस बांधावर. खांड पडल्याची, म्हणजे बांध फुटल्याची, हाक आली की चुलीवरचा भात तसाच टाकून माणसं धावायची. कुणाच्या शेतासमोर फुटलंय, हे पोचल्यावर कळायचं. बुधाजीचा बाप तर हाकेच्या आधीच तिथे असायचा, असं म्हातारी माणसं अजून सांगतात.

पुढे पोरं ट्रकवर गेली, उरणच्या बंदरात लागली, आणि जोळ मोडला. तीन वर्षांपूर्वी बांधाला मोठी खांड पडली. तिथली साठ एकर जमीन खारवली, तेव्हा मालकांनी ती या कंपनीला विकून टाकली. कंपनीला तिथे गोदामं बांधायची होती, म्हणून आधी बांध हवा होता. साठ एकरांच्या पलीकडे गावाची उरलेली शेतं होती. त्यातलं उघाडीला अगदी खेटून असलेलं दीड एकर बुधाजीच्या धाकट्या बहिणीचं, तुळशीचं. नवरा गेल्यापासून ती त्या दीड एकराच्या भातावर वर्ष काढायची. भावाने तांदळाची गोण पाठवली की दुसऱ्या दिवशी ती गोण, वर दोन नारळ ठेवून, परत यायची. अशी मानी बाई.

कंपनीच्या बाईचं नाव राही सबनीस. चाळिशीची, मांडव्याला बोटीने उतरून रिक्षाने आलेली, पायात चिखलाचे बूट. बुधाजीच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून तिने कागद पुढे केले. बुधाजीची मुलगी कल्पिता बी. कॉम. होती आणि बापाचं ऑफिस तीच बघायची. ती लॅपटॉप उघडून बसली.

"काका, हा स्कोप. म्हणजे तुमच्या कामाची हद्द," राही म्हणाली. "इथून इथपर्यंत तुमचं. त्याच्या बाहेर तुमची जबाबदारी नाही."

हद्द हा शब्द बुधाजीला आवडला. आवडला म्हणूनच त्याला संशय आला.

"वाच," तो कल्पिताला म्हणाला.

'बांध मजबूत करणे.' बुधाजीने हात वर केला. "मजबूत म्हनजे कवरा? उद्या तुमचा सायब लाथ मारून बगंल आनि बोलंल मजबूत नाय." राहीने तिथे लांबी, रुंदी, उंची घातली. सहाशे चाळीस मीटर लांब, माथा तीन मीटर, जुन्या उधाणाच्या खुणेच्या वर एक मीटर.

'परिसराची स्वच्छता करणे.' "परिसर कुटवर? मांडव्यापरत?" राही हसली आणि तिने ते काढून टाकलं.

'आवश्यक ती माती पुरवणे.' "कुटची माती? आनि आवश्यक हाय का नाय, ता ठरवनार कोन?" तेही बदललं.

पाहता पाहता नऊ बदल झाले. दर वेळी राही म्हणायची, "ठीक आहे काका, काढते." आणि दर वेळी बुधाजीचा संशय वाढायचा. त्याने आयुष्यात इतक्या चटकन हो म्हणणारं माणूस पाहिलं नव्हतं. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ही भांडत नाही, म्हणजे हिचा डाव दुसरीकडेच कुठेतरी आहे. कुठे आहे? तो ओळीओळीत शोधू लागला, आणि अकराव्या कलमात त्याला तो सापडला.

'सदर बांध, उघाडीसह.'

बुधाजी खुर्चीत सावरून बसला. तर इथे आहे गोम! ती उघाडी त्याच्या बापाच्या वेळची. चौकट कुजलेली, एक झडप लोंबत असलेली, खालच्या दगडांत शिंपल्यांचं राज्य. तिला जो हात लावेल, त्याला ती जन्मभर पुरेल. उद्या कुठूनही पाणी आत आलं, तर कंपनी म्हणणार, उघाडी बुधाजीची. पनवेलच्या शेपटासारखंच हे. फक्त या वेळी शेपूट मधे दडवलंय.

"उघाडी काढा," तो म्हणाला.

राही पहिल्यांदाच थांबली. "काका, उघाडीशिवाय बांध म्हणजे..."

"माना कलतंय बांद म्हनजे काय. मी बांद घालतंय. उघाडी नाय. ती, तिच्या झडपा, तिचा पाया, दोनी अंगाचं पाच-पाच मीटर. सगला वगळून लिवा."

"मग ती कोण करणार? ते तरी लिहू या ना."

"गावाची हाय ती. गाव बगंल."

"बाबा," कल्पिता हळूच म्हणाली, "गावातला कोन? नाव घाला. त्या बरोबर विचारतायत."

बुधाजीने लेकीकडे असं पाहिलं, की तिने मान खाली घालून टाइप केलं, 'उघाडी व तिच्या दोन्ही बाजूंचे पाच मीटर वगळून'. आणि 'ते काम गाव करील'. राहीला ते पटलं नव्हतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ते बघून बुधाजीला बरं वाटलं. म्हणजे घाव बरोबर बसला.

त्या आनंदात त्याने स्वतःचंही एक कलम घातलं. 'लेखी आदेशाशिवाय ठेकेदार कराराबाहेरच्या कोणत्याही कामास हात लावणार नाही.' पनवेलचा सूड त्याने त्या एका ओळीत उगवला.

निघताना राहीने विचारलं, "काम संपल्यावर मशीन कधी नेणार?"

"पयला उधान काढून. ज्यानं खांड भरली, त्यानं पयल्या उधानाला बांदावर बसायचा. आपले मशीनला घेऊन."

"अरे वा. हे कुठल्या कलमात घालू?"

"ह्या लिवायचा नसतं मॅडम," बुधाजी जरा दुखावूनच म्हणाला. "ह्या असतंच."

राही हसली. ती का हसली, याचा बुधाजी पुढे दोन दिवस विचार करत होता.

काम सुरू झालं. मातीच्या कामात बुधाजीचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता, हे त्याचे शत्रूही कबूल करतील. माती टाकायची, पाणी मारायचं, दाबायची, सुकू द्यायची, पुन्हा टाकायची. वैशाख संपेपर्यंत बांध असा उभा राहिला, की त्यावरून ट्रक न्यावा. फक्त उघाडीजवळ त्याने दोन्ही अंगांना पाच-पाच मीटर मोजून चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. रेघेच्या आत मातीचं ढेकूळ पडलं, तर ते उचलून घ्यायला तो दयारामला, म्हणजे आपल्या पोकलेनवाल्याला, सांगायचा.

गावाला त्याने कळवलंही होतं. देवळातल्या बैठकीत उभं राहून सांगितलं, "उघाडी गावाची हाय. जोळ काढा. चार दिसाचा काम हाय."

मग मागून कुणीतरी बोललं, "ठेका तुजा, न् उघाडी आमची कशी?"

"कागदावर तसा लिवलाय."

"लिवला असंल. लिवनारा कोन व्हता?"

हशा झाला. गावाला वाटलं, बुधाजीने बांधाबरोबर उघाडीचाही ठेका घेतलाय आणि आता गावाकडून फुकटात अंगमेहनत काढतोय. बुधाजीला वाटलं, गाव आपल्याला पुन्हा पनवेलसारखं जुंपू बघतंय. कंपनीने ग्रामपंचायतीला दोन पत्रं लिहिली, तर पंचायतीला वाटलं, कंपनी आपल्या गळ्यात घोंगडं टाकतेय. सगळेच हुशार. उघाडी तेवढी एकटी कुजत राहिली.

ज्येष्ठात तुळशीने शेतात पालापाचोळ्याचा राब भाजून भात पेरलं. हिरवीगार आवणं वर आली, हातभर रोपं, लावणीला पंधरा दिवस उरलेले. ती एकदा भावाच्या पडवीपाशी येऊन उभी राहिली.

"दादा, उघाडीची चौकट पार गेली. बोट घातला का भुगा पडतंय."

"गावाला सांगितलाय मी."

"गाव बोलतंय, तुजा काम हाय."

"माजा नाय. कागद हाय माज्याकडं."

तुळशी म्हणाली, "बरा," आणि गेली. भावाकडे तिने दुसऱ्यांदा काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही.

ज्येष्ठ अमावास्येला पावसाळ्यातलं पहिलं मोठं उधाण होतं. भरती दुपारी साडेबाराची. बुधाजी सकाळपासून बांधावर आला. नारळ वाढवला, खाडीला दिला, आणि पोकलेन उघाडीपासून पन्नास पावलांवर उभं करून त्याच्या सावलीत बसला. अकराच्या सुमाराला राही आली. ती बांधाच्या माथ्यावरून मोबाइल धरून सावकाश चालत होती. बांध, पाणी, पुन्हा बांध. सगळ्याचं चित्रण चाललं होतं.

बुधाजीने डोळे बारीक केले. ही कशाला फोटो काढतेय? कुणाला दाखवायला? नक्की काहीतरी पुरावा गोळा करतेय.

पाणी चढत गेलं. बुधाजीच्या बांधाला ते येऊन टेकलं, वर सरकलं, आणि जुन्या खुणेवर पोचलं. आतल्या अंगाला एक थेंब नाही. बुधाजीचा ऊर भरून आला. बाप असता तर त्याने आज पाठ थोपटली असती.

आणि तेवढ्यात उघाडीकडून आवाज आला. लाकूड दबल्याचा, करकर असा. लोंबती झडप मिटली नव्हती. फटीतून पाण्याची जाड धार आत येत होती, आणि धारेच्या तोंडाशी तुळशीची आवणं वाकत होती.

दयाराम उडी मारून पोकलेनवर चढला. "शेट, आतल्या अंगानं माती टाकतंय. वीस बकेटी टाकल्या का झाला काम!"

बुधाजी उठला. खरोखर उठला. दोन पावलं चाललाही. मग त्याला दिसलं, की राहीच्या हातातला मोबाइल उघाडीकडे वळलाय, आणि त्याच्याकडेही.

हाच तो डाव. इतके महिने तो जो शोधत होता, तो हाच. मी बकेट टाकायची, हिने चित्र काढायचं, आणि उद्या कागदावर यायचं, उघाडीचं काम ठेकेदाराने सुरू केलं, आता त्यानेच निस्तरावं. पनवेलचे खड्डे, खांब, गटारं, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं.

"काका!" राही ओरडली. "मशीन आणा ना लवकर!"

"लिवून द्या!" बुधाजी ओरडला.

"काय?"

"उघाडी माज्या कामान नाय. लेखी द्या, मंग हात लावतंय."

"अहो मी सांगतेय ना तोंडी! मी उभी आहे इथे!"

"तोंडी नको. मेल करा."

मग तिने खाली मान घालून भराभर टाइप केलं, मोबाइल वर धरला, इकडे धरला, तिकडे धरला. बांधावर रेंज नव्हती. कधीच नसते. ती गावाच्या दिशेने पळत सुटली, चिखलाचे बूट फतक फतक वाजवत.

बुधाजी रेघेपाशी उभा राहिला. चुन्याची रेघ अजून स्पष्ट होती. दयाराम वरून म्हणाला, "शेट?" थोड्या वेळाने पुन्हा म्हणाला, "शेट?" बुधाजीने हाताने थांब म्हटलं. आत्ता येईल मेल, तो मनाशी म्हणत होता. आत्ता येईल.

चौकट गेली. एका बाजूचे दगड निखळले, दोन्ही झडपा आत फेकल्या गेल्या, आणि खाडी दारातून सरळ आत शिरली. आता वीस काय, दोनशे बकेटींनीही काही झालं नसतं. दहा मिनिटांत तुळशीचं शेत दिसेनासं झालं.

थोड्या वेळाने कल्पिता धापा टाकत आली. तिच्या हातात ऑफिसचा फोन होता. मेल आला होता. 'कृपया तातडीने उघाडीचे काम करावे. सर्व जबाबदारी कंपनीची. राही सबनीस.' वेळ, बारा वाजून छत्तीस मिनिटं. साहेबांसाठी तयार ठेवलेल्या मेलमध्येच तिने घाईत हे लिहिलं होतं, म्हणून खाली मघाचं चित्रणही जोडलेलं आलं होतं. कल्पिताने ते लावलं. बांधाचा लांबलचक माथा, आणि राहीचा आवाज, "सर, हे बुधाजीकाकांचं काम. पाणी खुणेवर आलंय, आणि आतून बघा, खाडीचा एक थेंब नाही. पुढच्या साइटलाही यांनाच घेऊ या."

बुधाजीने ते एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा लाव म्हणायची त्याची छाती झाली नाही.

ओहोटी लागली तशी माणसं जमली. पोरं, बायका, म्हातारे, सगळे बांधावर. इतकी माणसं त्या बांधावर जोळ मोडल्यापासून आली नव्हती. राही परत आली, तेव्हा त्यांनी तिला घेरलं. कंपनीने फसवलं. कंपनीने मुद्दाम उघाडी सोडली. कंपनीला उरलेली शेतंही खारवून हवीत, म्हणजे तीही स्वस्तात घेता येतील. बोलणाऱ्याच्या डोळ्यांत जो संशय होता, तो बुधाजीने लगेच ओळखला. तो त्याच्याच घरचा होता.

"उघाडी करारात होती," राही शांतपणे म्हणाली. "नंतर काढली."

"कोनी काढली? तूच काढली असशील!"

राहीने कुणाचं नाव घेतलं नाही. तिने बुधाजीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्याला तेच जास्त लागलं.

गर्दीतून तुळशी पुढे आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात फावडं. ती राहीकडे गेली नाही. भावासमोर उभी राहिली.

"दादा, तुज्याकडं कागद हाय ना? बग त्यान. कंपनीनं काढायला सांगितला काय?"

बुधाजीने नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. गाव तयारच होतं. राहीने कितीही कागद दाखवले असते, तरी गावाने बुधाजीचंच खरं मानलं असतं. कल्पिता बापाकडे बघत होती.

"नाय," बुधाजी म्हणाला. मग म्हणाला, "कंपनीनं घातली व्हती. मी काढायला लावली. मीच."

"न् दुपारी मशीन हितंच व्हता?"

"हितंच."

"मंग?"

"लिवलेला नव्हता, तुळशे."

तुळशी पाठ फिरवून शेताकडे चार पावलं गेली. खारं पाणी रोपांवर उभं होतं. रात्रीच्या भरतीआधी शेताचे बांध फोडून ते खाडीत सोडायचं होतं आणि उघाडी मातीने बुजवायची होती. तिने पदर खोचला, फावडं उचललं, आणि मान वळवून विचारलं,

"येतस काय पानी काढायला? का लिवून देऊ?"

तुळशीला सहीसुद्धा करता येत नव्हती. बुधाजीने चपला बांधावर काढल्या आणि चुन्याची रेघ ओलांडून तो खाली उतरला.